बांगडा खाल्ला आणि पाचही जण लाल: ॲलर्जी की हिस्टामिन?

पुळणकर
तिखल्याच्या (माशांच्या तिखट कालवणाच्या) पाककृतीच्या धाग्यावर एका आयडीने लिहिलं होतं की रविवारी बांगडे केले, आणि अर्ध्या तासात जेवायला बसलेल्या पाचही जणांचे चेहरे-कान लाल झाले. डोकी ठणकायला लागली, दोघांच्या अंगावर पित्त उठलं. त्यावर पहिलाच प्रतिसाद "माशांची ॲलर्जी दिसतेय, टेस्ट करून घ्या". पाककृतीत खडे नकोत म्हणून वेगळा धागा काढतोय.

पाच जणांना एकाच दुपारी, एकाच कढईतून ॲलर्जी होत नाही. ही विषबाधा आहे, आणि तिच्यामागे एकच एंझाइम आहे.

हिस्टिडिन हे प्रथिनांतल्या वीस अमिनो आम्लांपैकी एक. त्याच्या रेणूतून कार्बन डायऑक्साइड तेवढा काढून टाकला की उरतं ते हिस्टामिन. हे काढायचं काम करणारं एंझाइम म्हणजे हिस्टिडिन डिकार्बॉक्सिलेज. पुढे नुसतं एचडीसी म्हणतो, टंकून बोटं दुखतात. ते आपल्या शरीरातही आहे. मास्ट पेशींत (ॲलर्जीत भडकणाऱ्या संरक्षक पेशी) आहे, जठराच्या अस्तरात आहे, मेंदूच्या एका कोपऱ्यात आहे. ॲलर्जीत आपलं स्वतःचं, आधीच बनवून साठवलेलं हिस्टामिन मास्ट पेशींतून भसकन बाहेर पडतं. बांगड्याच्या भानगडीत ते जंतूंनी माशातच बनवून ठेवलेलं असतं आणि आपण ते गिळतो. शरीराला दोन्हीकडून तेच मिळतं, म्हणून लक्षणंही तीच.

बांगडा, कुपा, गेदर, तारली, पेडवे या माशांच्या मांसात मोकळं हिस्टिडिन भरपूर असतं. कल्ले आणि आतड्यांत जंतू असतातच. मासा मेला आणि उन्हात राहिला की ते मांसात पसरतात. त्यातला मॉर्गनेला मॉर्गनाय हा सर्वांत बदनाम. वीस ते तीस अंश तापमान त्यांना फार मानवतं, म्हणजे आपल्या बंदरावरची कुठलीही सकाळ. आणि गंमत अशी की मासा वास मारायला लागण्याआधीच हिस्टामिन धोक्याच्या पातळीला पोचलेलं असू शकतं.

इतिहासातही हाच घोळ झाला होता. 1907 साली विंडाउस आणि फोग्ट यांनी हिस्टामिन प्रयोगशाळेत बनवलं. 1910 साली आकरमान यांनी कुजवणाऱ्या जंतूंकडून हिस्टिडिनचं हिस्टामिन करून घेतलं. त्याच वर्षी लंडनमध्ये हेन्री डेल आणि लेडलॉ यांनी ते प्राण्यांना टोचून रक्तदाब कसा कोसळतो, श्वासनलिका कशा आवळतात ते दाखवलं. पण शरीराच्या ऊतींत हिस्टामिन सापडलं की शंका निघायची, हे मुळात होतं की नमुना हाताळताना कुजला? हा संशय फिटायला 1927 उजाडलं. अगदी ताज्या यकृतातून आणि फुप्फुसातून ते वेगळं काढलं तेव्हा कुठे मान्य झालं की प्राणी ते स्वतः बनवतात. त्या कामात डेल यांच्याबरोबर चार्ल्स बेस्ट होते, इन्सुलिनवाले बेस्ट. मास्ट पेशींत त्याचा साठा असतो हे रायली आणि वेस्ट यांनी दाखवलं, ते आणखी पाव शतकाने.

---

कुर्ली
बापरे. पण आम्ही मासे खरपूस तळतो, तिखलं तर रटरटवतो. एवढ्या आचेत जंतू मरत नाहीत का?

---

पुळणकर
@कुर्ली, जंतू मरतात. एंझाइमही मरतं, ते प्रथिनच आहे. पण त्याने आधी बनवून ठेवलेलं हिस्टामिन जागेवर राहतं. उकळा, तळा, भाजा, डबाबंद करताना प्रेशरखाली शिजवा, त्याला ढिम्म फरक पडत नाही. म्हणूनच डब्यातल्या ट्यूनातूनही ही विषबाधा झालेली आहे. जपानात 1973 साली सुकवलेल्या माशातून 2656 लोकांना झाली होती.

फ्रीजरचं उलटं. गोठवल्यावर जंतूंची वाढ थांबते, बरेचसे मरतातही. पण त्यांनी बनवलेलं एचडीसी मांसात तसंच असतं आणि मासा बाहेर काढून ओट्यावर ठेवला की पुन्हा कामाला लागतं. जंतू गेला, एंझाइम मागे उरलं. म्हणून गोठवलेला बांगडा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळवायचा, सिंकमध्ये सकाळपासून दुपारपर्यंत नाही.

---

गाववालो
पुळणकरांनू, बरा लिवलास. पण आमच्या आजयेन कधी थर्मामीटर बघूक नाय. रापणीचो बांगडो वाळूर फडफडत आसताना घेवचो, घराक येयस्तवर पाच मिनटा, की चुलीर. त्येका खंयचा हिस्टामिन धरतला? ह्या सगळा मुंबैवाल्यांचा दुखना.

---

पुळणकर
@गाववालो, तुमच्या आजीचं शंभर टक्के बरोबर. जिवंत मासा पाच मिनिटांत चुलीवर, तर जंतूंना वेळच कुठे मिळतो? रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावर ओढून घेतलेल्या जाळ्यातला बांगडा आणि मुंबईच्या बाजारातला बांगडा यांत फरक जातीचा नाही, तासांचा आहे.

---

क्यूसी_तात्या
हा धागा माझ्यासाठीच काढलाय असं समजतो. माशांच्या निर्यातीच्या प्लांटमध्ये क्वालिटी कंट्रोलला आयुष्य गेलं. हिस्टामिन म्हटलं की अजून पोटात गोळा येतो, कारण कंटेनर परत आला की पहिली मान क्यूसीवाल्याची.

युरोपचा नियम असा: एका लॉटमधून नऊ नमुने. नवांची सरासरी किलोला 100 मिलिग्रॅमच्या वर नको. जास्तीत जास्त दोन नमुने 100 ते 200 मध्ये चालतील. 200 च्या वर एकही गेला की लॉट बाद. नऊ का, तर हे विष सारखं पसरलेलं नसतं. एकाच क्रेटमधला एक बांगडा स्वच्छ निघतो आणि त्याला खेटून पडलेला दुसरा कित्येक पटींनी भरतो. एकाच माशातही कल्ल्यांकडचा भाग जास्त खराब, शेपटीकडचा कमी. म्हणून "आम्ही त्याच टोपलीतले खाल्ले, आम्हाला काही झालं नाही" याला काडीचा अर्थ नाही.

माल आला की आम्ही आधी थर्मामीटरची सुई घ्यायचो. कल्ल्यामागून आत घालून काट्याला टेकेपर्यंत ढकलायची आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. वरून हात लावला तर मासा गार लागतो, पाठीवर बर्फाचा चुरा असतो, आणि काट्यापाशी बारा अंश! असा क्रेट दिसला की तो बाजूला काढून पुढचे सगळे उलटे करून बघायचे. बर्फ वर टाकला म्हणजे झालं असं नसतं. खाली बर्फ, मग माशांचा थर, मग बर्फ, आणि पाणी निथळून जायला जागा. आपल्या हवेत माशाच्या वजनाइतकाच बर्फ लागतो. तिथेच काटकसर होते, कारण बर्फाला पैसे पडतात आणि तो जागाही खातो.

अमेरिकेच्या एफडीएच्या (अन्न-औषध प्रशासनाच्या) मार्गदर्शिकेत म्हटलंय की मासा 28.3 अंशांवरच्या हवेत किंवा पाण्यात राहिला असेल तर मेल्यापासून सहा तासांत तो बर्फात गेलाच पाहिजे. मे महिन्यात मिरकरवाडा किंवा हर्णै बंदरावर उभं राहून बघा, 28 अंश पहाटेच ओलांडलेले असतात. पर्ससीनला (माशांच्या थव्याला वेढा घालणाऱ्या मोठ्या जाळ्याला) एका ओढ्यात टनांनी बांगडा येतो. डेकवर ढीग पडतो, मधला मासा स्वतःच्याच ढिगाच्या उबेत. सगळ्यांना बर्फ मिळेपर्यंत काही तास सहज जातात. मच्छीमाराला दोष देत नाहीये, बंदरावर बर्फ आणि सावली पुरवायची कोणी हा प्रश्न आहे.

---

शंकेखोर
सगळं वाचलं. पण मग आपण सगळे रोज लाल का होत नाही? आयुष्यभर मुंबईच्या बाजारातला बांगडा खातोय, तोही संध्याकाळचा, स्वस्त झाल्यावरचा. उगाच घाबरवू नका.

---

पुळणकर
@शंकेखोर, प्रश्न रास्त आहे, हिशोब देतो. निरोगी माणसाला एका वेळच्या जेवणात 50 मिलिग्रॅमपर्यंत हिस्टामिनने सहसा काही होत नाही, असं एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) आणि डब्ल्यूएचओच्या तज्ज्ञांनी 2012 साली धरलं. पाव किलो मासा खाल्ला असं धरा, म्हणजे मर्यादा येते किलोला 200 मिलिग्रॅम.

आता दुसरी बाजू. किलोभर मांसात मोकळं हिस्टिडिन पाच ग्रॅम आहे असं समजू. त्यातलं फक्त दहा टक्के बदललं तरी साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास हिस्टामिन तयार. दहा टक्के!

रोज होत नाही कारण आपल्या आतड्यात डायअमाइन ऑक्सिडेज नावाचं एंझाइम बसलेलं आहे, ते आलेलं हिस्टामिन तिथल्या तिथे मोडतं. एक करणारं एंझाइम, एक मोडणारं. शिवाय सौम्य त्रास झाला तर आपण "जेवण तिखट झालं", "ऊन लागलं", "पित्त झालं" म्हणून सोडून देतो. आमसुलाचं पाणी लावलं, झोपलो, उठेपर्यंत गेलं. कोण नोंदवतंय?

---

डॉ_आडवाट
वैद्यकीय बाजू मांडतो.

खाल्ल्यापासून काही मिनिटांत ते एक-दोन तासांत चेहरा-मान लाल होणं, डोकेदुखी, धडधड, खाज, कधी जुलाब. काही रुग्ण सांगतात की खातानाच जिभेवर मिरी चावल्यासारखं चुरचुरलं. बहुतेकांना अँटिहिस्टामिन पुरतं आणि दिवसभरात उतरतं. मात्र श्वास लागणं, ओठ-घसा सुजणं, चक्कर येऊन पडणं यांपैकी काहीही असेल तर हे वाचत बसू नका, कॅज्युअल्टी गाठा. तिथे ॲलर्जी की विषबाधा हा वाद नंतर.

वाद मिटवायला दोन गोष्टी उपयोगी. एक, आणखी कोण कोण जेवलं आणि त्यांना काय झालं? हा प्रश्न आमचेच लोक विचारायचे विसरतात. दोन, रक्तातलं ट्रिप्टेज. मास्ट पेशी फुटल्या असतील तर ते वाढतं. हिस्टामिन बाहेरून आलं असेल तर मास्ट पेशींना पत्ताच नसतो, ट्रिप्टेज नॉर्मल. माझ्याकडे असे लोक येतात ज्यांच्या कागदावर कधीतरी "फिश ॲलर्जी" असा शिक्का बसला आणि त्यांनी पुढे मासा सोडला. नीट विचारपूस केली तर सुरमई-बांगडा वारंवार खाल्लेला असतो आणि त्रास एकदाच झालेला असतो. अशांची रीतसर तपासणी करून शिक्का पुसता येतो. कोकणी माणसाला याहून मोठी भेट नाही.

---

शाकाहारी_पण_वाचते
मी मासे खात नाही पण धागा सोडवेना. जंतू बनवतात म्हणजे चीजमध्येही असणार ना? दही, इडली?

---

विकरवेडी
@शाकाहारी_पण_वाचते, मुरवलेल्या चीजमध्ये असतं, वाइनमध्येही. स्विस चीजमधून विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. महिनोन्महिने मुरताना प्रथिनं तुटून हिस्टिडिन मोकळं होतं आणि काही लॅक्टोबॅसिलस जाती त्यावर ताव मारतात. रात्री लावून सकाळी खाल्लेल्या दह्याला आणि इडलीच्या पिठाला तेवढा वेळच मिळत नाही. पनीरची काळजी नको.

पण चीजमधलं एचडीसी आणि बांगड्यातलं एचडीसी ही एकच वस्तू नाही! मी वाटच बघत होते कोणी चीज काढतंय का याची.

एंझाइमला हिस्टिडिनमधून कार्बन डायऑक्साइड उपटायला मदतनीस लागतो. जंतूंचे पेशीच्या भिंतीवरून दोन मोठे गट पाडतात, ग्राम-निगेटिव्ह आणि ग्राम-पॉझिटिव्ह. प्राण्यांत आणि मॉर्गनेलासारख्या ग्राम-निगेटिव्ह जंतूंत तो असतो पायरिडॉक्साल फॉस्फेट, म्हणजे ब6 जीवनसत्त्वाचं कामकरी रूप. लॅक्टोबॅसिलससारख्या ग्राम-पॉझिटिव्ह जंतूंतल्या एचडीसीत ब6 नसतंच. मग ते चालतं कशावर? 1968 साली एस्मंड स्नेल आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवलं की तिथे पायरुव्हेट नावाचा छोटा रेणू आहे, एंझाइमच्या साखळीलाच पक्का जोडलेला. स्नेल हे ब6 च्या रूपांवर काम करून नाव झालेले गृहस्थ. ब6 शिवाय चालणारं एंझाइम नेमकं त्यांच्याच हाती लागावं!

ते पायरुव्हेट येतं कुठून हे तर अफलातून आहे. एंझाइम आधी एका लांब साखळीच्या रूपात बनतं, आणि तेव्हा ते निकामी असतं. साखळीत एका ठिकाणी दोन सेरीन (हेही एक अमिनो आम्लच) शेजारी-शेजारी असतात. तिथे साखळी स्वतःलाच तोडते, बाहेरून कात्री लागत नाही. तुटताना दुसऱ्या सेरीनमधला अमोनिया निघून जातो आणि त्या तुकड्याच्या टोकाला पायरुव्हेटचा गट तयार होतो. म्हणजे मदतनीस उसना आणलाच नाही, स्वतःचं एक टोक मोडून घडवला. दोन्ही तऱ्हांत युक्ती तीच. मदतनीसाच्या कार्बोनिल गटाने हिस्टिडिनचा अमिनो गट धरायचा, इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून घ्यायचे, म्हणजे कार्बन डायऑक्साइड सुटतो. पण दोन्ही एंझाइमांची घडण एकमेकांशी नातं सांगत नाही. उत्क्रांतीने एकच काम दोनदा, वेगवेगळ्या वाटेने साधलंय.

आणि जंतू हे का करतात? आपल्याला लाल करायला नक्कीच नाही. ते आम्लात तग धरायला करतात. या क्रियेत पेशीतला एक प्रोटॉन खर्ची पडतो, आणि आम्लपणा असतो तो प्रोटॉनांमुळेच. वर, तयार झालेलं हिस्टामिन बाहेर टाकताना त्याच दारातून नवं हिस्टिडिन आत येतं, आणि या अदलाबदलीतून पेशीला थोडी ऊर्जाही मिळते. होडीत शिरलेलं पाणी उपसता उपसता त्याच पाण्यावर दिवा लावून घ्यावा, असा प्रकार.

---

कुर्ली
दंडवत _/\_ . मग ब6 च्या गोळ्या घेतल्या तर आपल्या अंगात जास्त हिस्टामिन बनेल का? मला डॉक्टरांनी दिल्यात.

---

विकरवेडी
@कुर्ली, नाही. मदतनीस एंझाइमच्या जागेत बसला की बसला, जास्तीचे बाहेर रांगेत उभे राहिल्याने काम वाढत नाही. शिवाय ब6 शरीरातल्या शंभराहून जास्त एंझाइमांना लागतं. दिलेल्या गोळ्या घ्या.

---

शंकेखोर
ठीक आहे, मानलं. पण मग सेटिरिझिन घेण्यापेक्षा हे एंझाइमच बंद करणारं औषध का नाही? मुळावर घाव.

---

विकरवेडी
रसायन आहे. अल्फा-फ्लुओरोमिथाइलहिस्टिडिन, 1970 च्या दशकातलं. एचडीसी त्याला हिस्टिडिन समजून पकडतं आणि कायमचं जायबंदी होतं. प्रयोगशाळेत अजून वापरतात. पण मास्ट पेशींत साठा आधीच भरलेला असतो, आज एंझाइम बंद केलं तरी आजची शिंक थांबत नाही. आणि मुळावर घाव घालायला हे मूळ एका झाडाचं नाही. जठरात याच हिस्टामिनच्या निरोपावर आम्ल सुटतं. मेंदूत हायपोथॅलॅमसमधल्या काही चेतापेशी ते बनवून आपल्याला जागं ठेवतात. जुन्या सर्दीच्या गोळ्यांनी झोप येते ती त्यामुळेच, त्या मेंदूत शिरून तिथलाही निरोप अडवतात. 2010 साली एका कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वडील आणि आठही मुलांना टुरेट सिंड्रोम (अंगाला नकळत हिसके बसतात, तोंडून आवाज निघतात) किंवा त्याच प्रकारचे हिसके, आणि सगळ्यांत एचडीसीच्या जनुकाची एक प्रत अर्धवट. म्हणून औषधवाले एंझाइम सोडून हिस्टामिन जिथे जाऊन बसतं त्या ग्राहींच्या मागे लागले. ॲलर्जीला एक ग्राही, जठराला दुसरा. जेम्स ब्लॅक यांना 1988 साली नोबेल मिळालं, त्यातलं एक काम जठराचा ग्राही अडवणाऱ्या सिमेटिडिनचं.

---

बॉस्टनचा_बंड्या
इकडे माही-माही आणि ब्लूफिशवरून हेच होतं. देशी ग्रोसरीत फ्रोझन बांगडा मिळतो, वितळवायचा मुद्दा आजच कळला. बायको म्हणतेय सिंकमध्ये ठेवणाऱ्याचं नाव सांग :)

---

कुर्ली
तात्या, बाजारातून घरी यायला मला दीड तास लागतो. काय करू? आणि डोळे-कल्ले बघून कळतं का?

---

क्यूसी_तात्या
डोळे चकचकीत, कल्ले लाल, अंग ताठ, एवढं तरी बघाच. शिळा मासा त्याने गाळला जातो. पण हिस्टामिन डोळ्यांना दिसत नाही. सकाळी बर्फात पुन्हा ताठ केलेला मासा मला, क्यूसीवाल्यालाही, नुसत्या नजरेने ओळखता आलेला नाही.

घरून डबा न्या, बर्फ कोळणीकडूनच मागा, देते. पोट आणि कल्ले तिथेच काढून घ्या, धुवायचं घरी. मीठ-हळद लावून तासभर ओट्यावर मुरवायचं असेल तर फ्रीजमध्ये मुरवा. मीठ जंतूंची वाढ मंद करतं, बनलेलं हिस्टामिन काढत नाही. आणि बांगडा आज आणून परवा करू असं ठेवू नका, आजचा आज. एवढी घाई जमणार नसेल तर पापलेट, बोंबील घ्या, त्यांत मोकळं हिस्टिडिन फार कमी. पापलेटचा भाव ऐकून चेहरा लाल झाला तर त्याला औषध नाही.

---

माहेर_मालवण
डॉक्टर, एक विचारायचं होतं. आमच्या मामांना क्षयाची औषधं सुरू आहेत. मागच्या महिन्यात बांगडा खाल्ला आणि त्यांना एकट्यालाच असं झालं, बाकी आम्ही सगळे ठणठणीत. धाग्याच्या सुरुवातीला तर पाचही जणांना झालं होतं. मामा आता म्हणतात गोळ्याच बाधल्या, बंद करतो.

---

डॉ_आडवाट
@माहेर_मालवण, बरं झालं विचारलंत, हे मी आधीच लिहायला हवं होतं. क्षयाच्या औषधांत आयसोनियाझिड असतं. पुळणकरांनी सांगितलेलं आतड्यातलं हिस्टामिन मोडणारं एंझाइम ते अडवतं. म्हणजे जेवढं हिस्टामिन तुम्हाला जाणवलंही नाही, तेवढं मामांना जड गेलं असणं शक्य आहे. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी 1981 साली ट्यूना खाणाऱ्या क्षयरुग्णांत नेमकं हेच लिहून ठेवलंय. एकट्याला झालं म्हणून खरी ॲलर्जीही नाकारता येत नाही, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांना ही हकिकत औषधांच्या पाकिटासकट सांगा.

गोळ्या एक दिवसही बंद करायच्या नाहीत. अर्धवट सोडलेला क्षय औषधांना दाद देईनासा होतो. औषधं संपेपर्यंत बांगडा, कुपा, तारली आणि त्यांचं सुकं बंद. मासा हवाच असेल तर डॉक्टरांना विचारून ताजा पापलेट किंवा बोंबील.

---

माहेर_मालवण
मामांना वाचून दाखवलं. गोळ्या घेतो म्हणाले. बोंबलांवर मान हलवली, पण सुका बांगडा का नाही हे त्यांना गाववाल्यांनी मालवणीत समजावून सांगावं अशी अट आहे.